‘प्रजाती’ या शब्दाची पायरी

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी, काटोलकडून आलेली संत्र्यांची टोपली मधे ठेवून, आमच्या ओसरीवर दोन मुले अभ्यासाला बसली होती. एक माझी भाची, मराठी माध्यमात आठवीत शिकणारी. दुसरा शेजारच्या घरातला तिच्याच वयाचा मुलगा, ज्याच्या घरी हिंदी बोलतात आणि हिंदी वृत्तपत्र येते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड छापलेली होती : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. त्याच्या हातात वाघांविषयीच्या बातमीचे कात्रण होते आणि त्यात वाघाला ‘संकटग्रस्त प्रजाति’ म्हटले होते. भाचीने पुस्तकावर बोट ठेवून सांगितले, की वाघ ही जाती आहे, प्रजाती नव्हे. मुलाचे म्हणणे असे, की जाति हा शब्द माणसांसाठी असतो, प्राण्यांना प्रजातिच म्हणतात. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. ‘आत्या, बरोबर कोण?’ आणि ‘आंटी, आप बताइए’ हे दोन्ही प्रश्न एकदमच आले.

मी सव्वीस वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. तरीही त्या क्षणी मी एवढेच सांगितले, की ज्याच्या त्याच्या पुस्तकात जे छापले आहे ते त्याने परीक्षेत लिहावे. ते उत्तर मला रात्री उशिरापर्यंत बोचत राहिले. एकच शब्द भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभा आहे, आणि त्या दोन पायऱ्यांमधले अंतर समजणे म्हणजे जीवशास्त्रातले वर्गीकरण समजणे, इतके ते महत्त्वाचे आहे. त्या दुपारी जे सांगायला हवे होते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी अर्थ पाहू. मराठी पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोश यांच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वाघाचे शास्त्रीय नाव पँथेरा टायग्रिस असे आहे. त्यातला पँथेरा हा शब्द प्रजातीचा आहे, आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते. टायग्रिस हा एकटा शब्द कोणत्याही प्राण्याचे नाव नाही, हे विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पँथेरा या प्रजातीत आज पाच जाती मानल्या जातात : वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. म्हणजे ‘वाघाची प्रजाती नष्ट होण्याच्या मार्गावर आहे’ हे वाक्य परिभाषेप्रमाणे वाचले, तर गीरच्या सिंहापासून दक्षिण अमेरिकेतल्या जग्वारापर्यंत पाचही प्राणी नाहीसे होत आहेत, असा त्याचा अर्थ निघतो. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला आणि दक्षिणेला ताडोबा असलेल्या आमच्या नागपूर शहरात वाघाच्या बातम्यांना खंड नसतो, आणि हे वाक्य मराठी वृत्तपत्रांतही आता सर्रास दिसते.

जीनस हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा ग्रीक भाऊ ‘गेनोस’. दोन्हींचा अर्थ मुळात जन्म, कूळ, एकाच मुळापासून आलेला समूह. हे शब्द ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याच धातूचे संस्कृतातले रूप म्हणजे ‘जन्’. जन्म, जन, जननी, प्रजा आणि जाति हे सगळे शब्द त्या एका ‘जन्’चे. याचा परिणाम असा, की आपण परकी म्हणून बाजूला ठेवलेली आणि आपली म्हणून जवळ केलेली कितीतरी शब्दांची जोडपी प्रत्यक्षात एकाच घरातली आहेत. जनरेटरला मराठीत जनित्र म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द एकाच धातूवर उभे असतात. डेन्मार्कच्या योहानसेनने १९०९ साली ‘जीन’ हा शब्द त्याच ग्रीक मुळापासून घडवला, आणि मराठीने त्याला ‘जनुक’ म्हटले. जनुक हा मला परिभाषेतल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी एक वाटतो, कारण तो अर्थ सांगतो, मूळ शब्दाशी असलेले रक्ताचे नाते राखतो आणि तरीही ऐकणाऱ्याला परका वाटत नाही.

स्पीशीजची गोष्ट वेगळी आहे. ती लॅटिनमधल्या ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेली आहे, आणि तिचा मूळ अर्थ दिसणे, रूप, आकार. संस्कृतात त्या धातूचे ‘स्पश्’ आणि ‘पश्’ असे दोन अवशेष आहेत. पश्यति म्हणजे पाहतो, आणि स्पश म्हणजे हेर, पाहत राहणारा. ग्रीकमध्ये ॲरिस्टॉटल ज्याला ‘एइदोस’ म्हणतो, त्याचे लॅटिन भाषांतर स्पीशीज असे झाले, आणि एइदोस हाही पाहण्याच्याच धातूतून आलेला शब्द आहे.

या दोन व्युत्पत्ती शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट लक्षात येते आणि ती मला वर्गात शिकवताना कधी सुचली नव्हती, याची आज हळहळ वाटते. शब्दाच्या जन्मावरून पाहिले तर आपली ‘जाति’ ही स्पीशीजची नव्हे, जीनसची बहीण आहे. जी पायरी मूळ लॅटिनमध्ये ‘दिसण्या’वरून ओळखली गेली, तिला आपण ‘जन्मा’चे नाव दिले. मग परिभाषा करणाऱ्यांची चूक झाली का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण संस्कृतातल्या जातिविचारात आहे.

पाणिनीच्या एका सूत्रावर भाष्य करताना पतंजली जातीचे लक्षण सांगतो, ते असे सुरू होते : ‘आकृतिग्रहणा जातिः’. आकृतीवरून जिचे ग्रहण होते ती जाती. एक गाय पाहिली, तिची घडण मनात ठसली, की पुढची गाय काळी असो वा पांढरी, पाहताक्षणी ती गाय आहे हे कळते. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात जन्म आहे, त्याचे लक्षण मात्र पतंजली दिसण्यावरून करतो, आणि तेच तर स्पीशीज या शब्दाचे मूळ आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत आणखी एक लक्षण आहे, ‘समानप्रसवात्मिका जातिः’. हे वाचून आधुनिक वाचकाला चटकन वाटते, की समान संतती देणारी ती जाती असे गौतमाने सांगितले आहे. वात्स्यायनाचे भाष्य मात्र स्पष्ट आहे : निरनिराळ्या व्यक्तींच्या ठिकाणी जी सारखीच बुद्धी उत्पन्न करते, ती जाती. येथला प्रसव ज्ञानाचा आहे, पिलांचा नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत आजचे विज्ञान वाचण्याचा मोह मलाही होतो. तो येथे आवरलेला बरा, कारण मूळ विचार त्या मोहापेक्षा अधिक खोल आहे.

ग्रीसमध्येही गेनोस ही ठरलेली पायरी नव्हती. ॲरिस्टॉटलच्या लेखनात पक्ष्यांचा सगळा समूह हाही गेनोस असतो आणि त्यातला एखादा लहान गटही गेनोस असतो. वरचा तो गेनोस आणि त्याखालचा तो एइदोस, असे ते सापेक्ष नाते आहे. पुढे तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीच्या ग्रंथाने आणि त्याच्या लॅटिन भाषांतराने हे नाते युरोपातल्या तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोचवले. व्याख्या कशी करायची, तर वस्तू ज्या मोठ्या समूहात मोडते तो समूह सांगायचा आणि मग त्या समूहातल्या इतरांपासून तिला वेगळे करणारे लक्षण सांगायचे. मनुष्य म्हणजे काय, तर विचार करणारा प्राणी. यात प्राणी हे जीनस आणि विचार करणे हा भेद. जीवशास्त्राने जीनस हा शब्द उचलला तो या तर्कशास्त्राच्या घरातून, आणि दोन शब्दांच्या नावाचे बीज येथेच आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात जगभरातून वनस्पती येऊन पडू लागल्या, तेव्हा त्यांची नावे म्हणजे खरोखर छोट्या व्याख्याच होत्या. पुढे स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने टोमॅटोसाठी वापरलेले जुन्या पद्धतीचे लॅटिन नाव मराठीत सांगायचे तर ‘बिनकाट्याच्या मऊ खोडाचे, पिसासारख्या विभागलेल्या आणि कातरलेल्या पानांचे सोलॅनम’ असे काहीसे होते. सोलॅनम हे जीनस आणि उरलेले सगळे वाक्य म्हणजे भेद. नवी वनस्पती सापडली आणि तिचेही पान कातरलेले निघाले, की वाक्यात आणखी एक विशेषण वाढवावे लागे. या पसाऱ्यात जीनस या पायरीला प्रथम ठाम आकार दिला तो फ्रान्सच्या तूर्नफोरने. १६९४ साली आणि पुढे १७०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्याने सुमारे ७०० प्रजाती फूल व फळ यांच्या वर्णनांसह नीट मांडल्या. जातीच्या बाबतीत इंग्लंडच्या जॉन रेने त्याआधी, १६८६ साली, एक मोलाची गोष्ट सांगितली होती : एकाच वनस्पतीच्या बीजापासून जी झाडे उगवतात, त्यांच्यात रंगाउंचीचे कितीही फरक दिसले तरी त्यांची जाती एकच. दिसण्याच्या शब्दात जन्माची कसोटी पहिल्यांदा येथे शिरली.

मग लिनियस आला. १७५३ साली त्याने वनस्पतींच्या सर्व ज्ञात जातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात लांबलचक व्याख्यानावांच्या जोडीला, समासात, प्रत्येक जातीसाठी एकेक सुटसुटीत शब्द छापला. प्रजातीचे नाव अधिक तो शब्द, बस्स. टोमॅटो सोलॅनम लायकोपर्सिकम झाला, वांगे सोलॅनम मेलोंजेना, बटाटा सोलॅनम ट्युबरोसम. १७५८ साली त्याने प्राण्यांसाठीही तेच केले. वनस्पतींच्या नावांचा अधिकृत आरंभ १७५३ पासून आणि प्राण्यांच्या नावांचा १७५८ पासून मानतात तो यामुळे. या लहानशा सोयीने एक मोठा बदल घडवला, ज्याकडे पाठ्यपुस्तके लक्ष वेधत नाहीत. नाव आता वर्णन करीत नव्हते, फक्त ओळख देत होते, जसे आडनाव आणि नाव देते. आणि ओळखीतला आडनावाचा वाटा प्रजातीकडे आला. आपल्याकडे आडनाव शेवटी येते, येथे ते आधी येते, इतकाच फरक.

लिनियसचा प्रजातीविषयीचा एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. १७५१ सालच्या ग्रंथात तो म्हणतो, की लक्षणामुळे प्रजाती ठरत नाही, प्रजातीमुळे लक्षण ठरते. याचा अर्थ असा, की बिनकाट्याचे वांगे मिळाले म्हणून आपण त्याला वांग्याच्या प्रजातीतून काढून टाकत नाही. प्रजाती आधी निसर्गात असते आणि आपण तिची लक्षणे मागाहून नोंदतो. लिनियसला ही प्रजाती ईश्वरनिर्मित वाटत होती. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि तिचे खरे कारण कळले : एका प्रजातीतल्या जाती सारख्या दिसतात, कारण त्या एका समान पूर्वजापासून आलेल्या आहेत. ज्या शब्दाची सुरुवात कूळ आणि जन्म या अर्थाने झाली, तो तर्कशास्त्राच्या घरी दोन हजार वर्षे राहून पुन्हा जन्माच्या अर्थाकडे परत आला, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत समाधानाचे वळण वाटते. टोमॅटोचेच पाहा. लिनियसने त्याला सोलॅनममध्ये ठेवल्यावर लगेचच फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतिज्ञाने त्याची लायकोपर्सिकॉन ही वेगळी प्रजाती केली, आणि आम्ही विद्यार्थी असताना तेच नाव पाठ केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या पुराव्यावरून दिसले, की टोमॅटो आणि बटाटा ही फारच जवळची भावंडे आहेत. बटाट्याला सोलॅनममध्ये ठेवून टोमॅटोला बाहेर काढणे म्हणजे सख्ख्या भावाला वेगळ्या आडनावाने हाक मारण्यासारखे होते. टोमॅटो सोलॅनममध्ये परतला.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. प्रजाति हा शब्द परिभाषाकारांनी नव्याने जुळवलेला वाटतो, पण तो फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, ऋत, सत्य, तप, अतिथी अशा अनेक कर्तव्यांच्या जोडीने स्वाध्याय आणि प्रवचन चालू ठेवावे असे सांगणारा जो प्रसिद्ध अनुवाक आहे, त्यात ‘प्रजा च’, ‘प्रजनश्च’ आणि ‘प्रजातिश्च’ असे तीन शब्द ओळीने येतात. प्रजा म्हणजे संतती, प्रजन म्हणजे प्रजनन, आणि प्रजाति म्हणजे काय, तर शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे ‘पौत्रोत्पत्तिः’, नातवंडे होणे. मुलाच्या पुढची पिढी, वंशाचा पुढे गेलेला विस्तार. एका मुळापासून फुटत गेलेल्या जातींच्या समूहाला प्रजाती म्हणणे या अर्थाशी किती जुळते!

आणि तरीही त्याच शब्दाला हिंदीत खालची पायरी कशी मिळाली? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर ‘प्र’ या उपसर्गात आहे. पितामहाच्या वरचा तो प्रपितामह, आणि पौत्राच्या खालचा तो प्रपौत्र. ‘प्र’ म्हणजे आणखी एक पाऊल पुढे. ते वर की खाली, हे उपसर्ग सांगत नाही. मराठीने प्रजाती हा शब्द प्रपितामहासारखा वाचला, जातीच्या वर एक पायरी. सर्वसामान्य हिंदी लेखनाने तो प्रपौत्रासारखा वाचला, आणि वरच्या पायरीसाठी ‘वंश’ हा शब्द घेतला. दोन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत. शिवाय जाति हा शब्द समाजव्यवस्थेने इतका डागाळून ठेवला आहे, की पक्ष्याफुलांविषयी लिहिताना लेखकाचा हात तेथे अडखळतो आणि प्रजाति हा स्वच्छ शब्द त्याला जवळचा वाटतो. त्या दुपारी शेजारच्या मुलाने नेमके हेच बोलून दाखवले होते, आणि त्या संकोचाबद्दल मला आदरच वाटतो.

नागपूर हे अशा शब्दांच्या देवाणघेवाणीचे जुने ठिकाण आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी असताना येथे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत सरकारी आणि शैक्षणिक व्यवहार करण्याचा प्रश्न होता. संस्कृत धातूंपासून सर्व भारतीय भाषांसाठी एकच वैज्ञानिक परिभाषा घडवावी या ध्यासाने काम करणारे डॉ. रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन याच शहरात आले होते, आणि त्यांच्या कोशकार्याचा मोठा भाग येथेच झाला. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि मराठी परिभाषा व हिंदी परिभाषा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सगळ्या भाषांना एकच शब्द मिळावा ही रघुवीरांची इच्छा अर्धीच पुरी झाली : शब्द एक मिळाला, पायऱ्या दोन झाल्या.

आमच्या शेतकऱ्यांची ‘जात’ आणखी तिसरीच आहे. कापसाची जात, तुरीची जात, गव्हाची जात असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला वाण म्हणायचे असते, म्हणजे जातीच्याही खालची पायरी. यात बदल करावा असे मी म्हणणार नाही. बियाण्याच्या दुकानात ती भाषा पक्की आहे आणि तिच्यामुळे कोणाची फसगत होत नाही. तसाच ‘लिंबूवर्गीय फळे’ हा शब्द. नागपुरात या फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, आणि संत्रा उत्पादकांच्या बोलण्यात लिंबूवर्गीय हा शब्द सतत असतो. परिभाषेप्रमाणे वर्ग ही फार वरची पायरी, जिच्यात सगळे सस्तन प्राणी किंवा सगळे पक्षी मावतात. लिंबू, संत्रा, मोसंबी, पपनस आणि महाळुंग मात्र सगळे मिळून एका सायट्रस प्रजातीत बसतात. येथे वर्ग म्हणजे नुसता गट.

याच प्रजातीत एक गंमत नव्हे, एक खरी अडचण आहे. जातीची विसाव्या शतकातली सर्वांत प्रसिद्ध व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली केली : आपसात संकर होऊ शकणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीने वेगळ्या असलेल्या सजीवांचा समूह. सायट्रस ही व्याख्या मानत नाही. मोसंबी, लिंबू, संत्रा यांच्यात सहज संकर होतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या मोठ्या अभ्यासाने मोसंबीच्या आनुवंशिक द्रव्यात मँडरिन आणि पपनस अशा दोन घराण्यांचे तुकडे मिसळलेले दाखवले. त्यामुळे या एका प्रजातीत जाती किती, यावर अमेरिकेच्या स्विंगल यांनी १६ असे उत्तर दिले, तर जपानच्या तानाका यांनी दीडशेहून अधिक. आपल्या नागपुरी संत्र्याला आपण सायट्रस रेटिक्युलाटा म्हणतो, ते नाव फिलिपीन्समध्ये राहणाऱ्या ब्लांको या स्पॅनिश धर्मगुरूने १८३७ साली दिले; पण त्या जातीची सीमा कोठे आखायची, हे त्या नावाने सुटलेले नाही.

प्रजातीची सीमा मात्र येथे जातीपेक्षा बरीच स्पष्ट आहे, आणि ती काटोल-नरखेडच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या माणसाला हाताने माहीत असते. तो जंभेरीचा किंवा रंगपूर लाईमचा खुंट वाढवतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतो. परिभाषेत सांगायचे तर वेगळ्या जातीच्या मुळांवर संत्र्याचे झाड उभे राहते. त्या दोघांचे जमते, साल सालीला धरते, रस वर चढतो, कारण नाते जवळचे आहे. प्रजाती म्हणजे केवळ नावापुरती सोय आहे असे ज्याला वाटते, त्याने पाऊस संपताना एखाद्या रोपवाटिकेत जाऊन हे काम पाहावे.

वाघाच्या नावातही प्रजातीचा असा एक इतिहास लपलेला आहे. १७५८ साली लिनियसने वाघाला फेलिस टायग्रिस म्हटले होते, म्हणजे घरातल्या मांजराच्या प्रजातीत ठेवले होते. पुढे मोठ्या मार्जारांसाठी पँथेरा ही प्रजाती वेगळी झाली आणि वाघ तिकडे गेला. म्हणून आज शास्त्रीय लेखनात वाघाच्या नावापुढे लिनियसचे नाव आणि १७५८ हे साल कंसात लिहितात. तो कंस छपाईची सजावट नसतो. जातीचे नाव ज्याने दिले त्याने ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, अशी त्याची खूण आहे. संत्र्याच्या नावापुढे ब्लांकोचे नाव कंसाशिवाय येते, कारण संत्र्याने प्रजाती बदललेली नाही. मांजर आणि वाघ आज एका प्रजातीत नाहीत, पण मार्जार कुलात दोघेही आहेत.

आपल्या परिभाषेने प्रजाती आणि जाती या दोन पायऱ्या जशा ठरवल्या आहेत, तशाच त्या मराठी लेखनात पाळल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते. हिंदी लिहिणाऱ्याने प्रजाति म्हणावे, तो त्याच्या भाषेचा अधिकार आहे. मराठी लिहिणाऱ्याने मात्र बातमी हिंदीतून घेताना शब्दही जसाच्या तसा उचलू नये. वाघ, माळढोक, गिधाड यांच्यासाठी जाती म्हणावे, आणि जाती म्हणताना संकोच वाटत असेल तर प्राणी, पक्षी, झाड असे साधे शब्द वापरावेत. दोन पायऱ्यांना एकच शब्द लावला, की वरच्या पायरीसाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही, आणि ज्याला नाव नाही ते वाचकाला दिसत नाही.

पुढच्या रविवारी मी दोन्ही मुलांना पुन्हा बोलावले. दोघांच्या वह्यांत मी एकच तक्ता काढून दिला, त्यात एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी आणि तिसऱ्यात लॅटिन शब्द. मग अंगणात गेलो. आमच्याकडे कढीपत्ता आहे, शेजारी बेल आहे, आणि टोपलीतल्या एका संत्र्याला देठासकट दोन पाने राहिली होती. तिन्ही पाने मी मुलांना उन्हासमोर धरायला सांगितली. पानात सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, आणि पान चुरगळल्यावर वास सुटतो तो त्यांचाच. तिन्ही झाडांच्या प्रजाती वेगळ्या, पण कुल एकच, रूटेसी, ज्याला मराठीत सताप कुल म्हणतात. संत्र्याच्या प्रजातीत जाती किती यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि बेलाच्या ईगल या प्रजातीत मात्र एकटा बेलच आहे, हे मी सांगितले, तेव्हा शेजारचा मुलगा बेलाचे पान हातात घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिला. ‘मतलब इसका वंश भी यही, जाति भी यही?’ त्याने विचारले. भाचीने त्याला ‘प्रजाती पण हीच, जाती पण हीच’ असे मराठीत करून सांगितले, आणि दोघांनी आपापल्या रकान्यात ते लिहून घेतले.